खिरणमाळ नावाचा खडक

खडकाला नाव कसं ठेवतात, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लोक विचारतात, सोनं सापडलं का? फर्दापूरच्या नाक्यावर, लेण्यांकडे येणाऱ्या पर्यटकांना रंगीत गारगोट्या विकणारा एक जण होता. तो मला दर हंगामात अडवायचा. "मॅडम, एवढं बघून सांगा, अस्सल हाय का?" मी भिंग लावून सांगायचे, गारगोटी अस्सल आहे, हिरा मात्र नाही. त्यावर तो म्हणायचा, "हिरा हाय असं मी कुठं म्हणतो? गिऱ्हाईक म्हणतं." माझ्या नोकरीत भेटलेल्या प्रामाणिक माणसांत मी त्याला धरते.

मी भूवैज्ञानिक होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आता संभाजीनगरात, छावणीच्या अलीकडे राहते. मूळची गंगापूर तालुक्यातली. आमच्याकडं गोदावरीकाठची काळी जमीन, तिच्यात दगड मुळात दुर्मिळ. सापडलाच तर तो एक तर चुलीला लागायचा, नाहीतर देव व्हायचा. वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचे. घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. शहरातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला मुली येत नसत, म्हणून जागा शिल्लक होती आणि म्हणून मला प्रवेश मिळाला. लोक विषय निवडतात, मला विषयानं निवडलं. ज्या सरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात हातोडी दिली आणि "फोड, घाबरू नकोस, तो तुझ्यापेक्षा म्हातारा आहे" असं म्हटलं, त्यांचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही.

कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते. आपला सगळा मुलूख लाव्ह्याचा आहे. फार जुन्या काळी जमिनीला भेगा पडल्या, तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर. प्रत्येक थर खाली घट्ट, आणि वरच्या अंगाला फुगून फुटलेल्या भाकरीसारखा जाळीदार. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखी तांबडी पट्टी असते. पुढचा लाव्हा येण्याआधी मधल्या काळात ऊन-पावसानं जी माती झाली, ती ही. हे थर मोजायचे, वेगळे ओळखायचे, त्यांचे गट पाडायचे आणि नकाशावर रंगवायचे, हे आमचं काम. अडचण एकच. सगळे थर काळे आणि सगळे सारखे. एकाच घरातल्या जुळ्या बहिणींना पाठमोरं ओळखण्यासारखं ते असतं. त्यासाठी ओढ्यानं कापलेल्या घळीतून खालून वर चढत जायचं, दिसेल ती तांबडी पट्टी टिपायची, मग पुढच्या घळीत पुन्हा खालपासून सुरुवात. शेवटी दोन्ही घळींतले थर एकमेकांशी जुळवायचे. जुळले नाहीत तर परत चढायचं.

अशा वेळी एखादा वेगळा दिसणारा थर सापडणं म्हणजे गर्दीत ओळखीचा माणूस भेटणं. मला तो अजिंठ्याच्या डोंगरात, फर्दापूरपासून बराच आत सापडला. काळ्या दगडात बोटाच्या पेरांएवढे पांढरे स्फटिक दाटीवाटीनं बसलेले. असा थर एकदा सापडला की तो कोसच्या कोस धरून चालता येतं, आणि त्याच्या वर काय, खाली काय, याचा हिशेब लागतो. पण तो होता कुठं? कवठखेडा नावाच्या गावापर्यंत जीप जायची, तिथून पुढं अर्धा दिवस चढ. आमचे ड्रायव्हर अब्दुलभाई छावणीतले. ते जीप लिंबाखाली लावायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मैं इधरीच बैठतूं. पत्थरां कहीं भाग के जारे क्या? आराम से आओ."

त्या चढावर, जंगलानं तिन्ही बाजूंनी वेढलेल्या एका सपाट टप्प्यावर धनगरांची बारा-पंधरा घरं होती. मातीच्या भिंती, वर गवत, भोवती खिरणीची मोठमोठी झाडं आणि बोरी-बाभळींच्या काट्यांचे शेळ्यांचे वाडे. मी घामानं निथळत वर पोचले तेव्हा आधी कुत्री आली आणि मग एक बाई.

"कोन गं बाई तू? सरकारी दिसतीस."

"दगड बघायला आलेय," मी म्हटलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. टोपी, बूट, हातोडी. मग मागं वळून ओरडली, "मामंजी, सरकारातले दगड सरले वाटतं! बाई मागाया आली."

ही सखुबाई. तिचे मामंजी, म्हणजे सासरे, म्हसूतात्या, वस्तीतले जाणते. पुढं दोन हंगाम मी त्यांच्या ओसरीवर पाठ टेकली, त्यांची ताकभाकरी खाल्ली. तिथल्या झऱ्याचं पाणी त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या थराखालच्या तांबड्या पट्टीतून यायचं. उन्हाळ्यातही ते बंद झालेलं मी पाहिलं नाही. त्या दगडाला वस्तीत लाह्याचा धोंडा म्हणायचे. काळ्या खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तो दिसतो खरा. मला ते नाव फार आवडलं, पण आमच्या शास्त्रात दिसण्यावरून थराचं नाव ठेवत नाहीत. जिथं थर सगळ्यांत चांगला उघडा पडलाय, त्या जागेचं नाव द्यायचं. एकदा ते ठरलं की गावाचं नाव पुढं बदललं तरी थराचं बदलत नाही. माझ्या शहराचं नाव माझ्या डोळ्यांदेखत बदललं. खडकांना असलं काही कळवावं लागत नाही.

"या जागेला काय म्हणता?" मी विचारलं.

"खिरनमाळ," म्हसूतात्या म्हणाले.

मी मोजणीचा नकाशा मांडीवर उघडला. तिथं ते नाव नव्हतं. उंचीच्या वाकड्या रेषा होत्या आणि हिरवा रंग होता.

"नकाशात नाही, तात्या."

"नाय म्हंजी? मंग आमी कुठं बसलोय?" त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये हिरवं काय?"

"जंगल."

"आन् आमी?"

"त्याच्यात."

"म्हंजी आमी झाडं," तात्या म्हणाले.

"झाडान्ला तरी नंबर टाकत्यात, मामंजी," सखुबाई चुलीजवळून म्हणाली.

हसलो आम्ही सगळे. पण त्या हसण्याखाली काय होतं ते मला हळूहळू कळलं. वस्ती वनजमिनीत होती. वनखात्याची माणसं येऊन सांगून जायची की हे अतिक्रमण आहे, उठावं लागेल. तात्यांच्या आज्यानं बसवलेला बिरोबाचा टाक तिथं होता, बापाची समाधी तिथं होती. पण कागदावर ही माणसं तिथं राहतच नव्हती. कधीतरी, कुणाच्या तरी सोयीसाठी, सगळ्यांची नावं खाली कवठखेड्यात लावलेली. रेशन कवठखेड्याचं, मतदान कवठखेड्याला. कवठखेड्याचे लोक मात्र त्यांना 'वरची' म्हणायचे, आणि झऱ्यावरून, चराईवरून दर वर्षी भांडायचे. खिरणमाळ नावाची वस्ती आहे आणि होती, हे कुठंतरी लिहिलेलं दाखवता आलं तरच तिथं राहायची आशा होती. तसं लिहिलेलं काही नव्हतं.

मी अहवालात त्या थराला 'खिरणमाळ प्रवाह' असं नाव सुचवलं; लाव्ह्याच्या थराला आम्ही प्रवाह म्हणतो. ते दया म्हणून नव्हे. थर तिथंच सगळ्यांत चांगला दिसत होता, खालून वरपर्यंत अख्खा, आणि जवळपास दुसरी जागाच नव्हती. नियमाप्रमाणे तेच योग्य होतं. आजही मी हेच म्हणेन.

आमचे वरिष्ठ जहागीरदार साहेब चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. ते तिथंच थांबले.

"हे खिरणमाळ कुठं आहे?"

"कवठखेड्याच्या वर, साहेब."

"ते कळलं. टोपोशीटवर कुठं आहे?"

"टोपोशीटवर नाही. माणसं आहेत पण."

"माणसं सगळीकडंच असतात गं. आपल्याला नकाशावरचं गाव लागतं. उद्या परदेशातून कुणी हा खडक बघायला आला तर तो काय कुत्र्यांच्या भुंकण्यावर जाणार का?" मग म्हणाले, "तू गंगापूरची ना? तुझ्या गावाचं नाव खडकाला लागलं नाही म्हणून हे चाललंय होय?"

"आमच्या गावात खडकच नाही, साहेब."

ते हसले. माणूस कडक होता, वाईट नव्हता. त्यांनी नावापुढं कंसात 'तात्पुरते' असं लिहायला लावलं आणि नकाशा छपाईला सोडला. अंतिम नावं पुढं समितीत ठरणार होती.

ज्या माणसांच्या जमिनीवरून मी फिरले, त्यांना छापलेला नकाशा नेऊन दाखवायचा, ही माझी सवय होती. बहुतेक ठिकाणी लोक रंग बघतात, आपलं गाव शोधतात, चहा पाजतात. खिरणमाळला तसं झालं नाही. रंगांच्या सूचीत नावं देवनागरीतही होती. सखुबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. खि, र, ण, मा, ळ. पुन्हा वाचलं. मग तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. चराईला गेलेल्या माणसांना हाका गेल्या. नारळ फुटला. नकाशाला हळद-कुंकू लागलं आणि तो बिरोबाच्या टाकाशेजारी, भिंतीला टेकवून ठेवला गेला.

मला तिथंच बोलणं भाग होतं. "तात्या, नीट ऐका. हे गावाचं नाव नाही. हे दगडाचं नाव आहे. तेही अजून पक्कं नाही."

"धोंड्याला नाव आमच्यावरनंच ठिवलं ना?"

"हो."

"मंग आमी हाय म्हनूनच ठिवलं का नाय? नसतो तर कशावरनं ठिवलं असतं?"

तात्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. ज्या कचेरीत ते पोचायला हवं होतं, तिथं तर्काची वेगळी खिडकी होती, एवढंच.

वस्तीच्या जागेची सुनावणी लागली तेव्हा सखुबाईनं कुणाच्या तरी मोबाईलवरून फोन केला. "बाई, तुमी या. तुमचा नकाशा घिऊन चाललोय."

मी जहागीरदार साहेबांची परवानगी मागितली. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. "जा," म्हणाले, "पण साक्ष द्यायला जाऊ नकोस. माहिती द्यायला जा." या दोन गोष्टींत काय फरक असतो ते मला तिथं जाऊन कळलं.

तालुक्याच्या कचेरीत मला खुर्ची मिळाली. तात्या, सखुबाई आणि बाकीचे भिंतीला लागून उभे. मी उठून उभी राहिले तर शिपायानं मला पुन्हा बसवलं. अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. तात्यांनी घोंगडीत गुंडाळलेला नकाशा टेबलावर पसरला. त्याच्या घड्या पिवळ्या झाल्या होत्या.

"ह्ये बगा, सायेब. सरकारनंच छापलंय."

साहेबांनी वाकून, खरंच मन लावून पाहिलं. त्यांची टिंगल करायची इच्छा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मग ते माझ्याकडं वळले.

"मॅडम, हे नाव तुम्ही दिलंय?"

"हो. मी सुचवलंय."

"हे वस्तीचं नाव आहे की खडकाचं?"

"खडकाचं. वस्तीवरून दिलेलं."

"तुम्ही नाव दिलं तेव्हा वस्तीची कुठं नोंद होती?"

"नोंद नव्हती. वस्ती होती. मी तिथं राहिलेय. बांधकाम जुनं आहे, समाधी जुनी आहे, मी हे लेखी द्यायला तयार आहे."

"तुम्ही पाहिलं ते तुम्ही गेलात तेव्हाचं. त्याच्या आधीचं तुम्ही कसं सांगणार?"

ज्या खडकावर ती घरं उभी होती, त्याच्या कोट्यवधी वर्षांचा हिशेब मी सांगू शकत होते, आणि त्यासाठी मला पगार मिळत होता. तात्यांच्या आज्याबद्दल मात्र मी एक वाक्य शाबीत करू शकत नव्हते.

"आन् इथं ह्ये कंसात काय लिवलंय?" सखुबाईनं मध्येच विचारलं. साहेबांनी नकाशा तिच्याकडं वळवला. तिनं वाचलं, "ता-त्पु-र-ते." मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं.

तात्यांनी हात जोडले. "सायेब, धोंड्याला ऱ्हायाला परवानगी हाय, त्याच्यावर बसल्याल्या मानसान्ला तेवढी नाय. आसं कसं?"

साहेब म्हणाले, "आजोबा, मी काय करू? माझ्यासमोर कागद असतो." आणि हेही खरंच होतं.

वस्ती उठली. जबरदस्ती झाली नाही, पोलीस आले नाहीत, वर्तमानपत्रात काही आलं नाही. खाली कवठखेड्याच्या गायरानात, रस्त्याकडेला जागा आखून दिल्या. पत्रे दिले. कागदावर ही माणसं आधीपासूनच कवठखेड्याची होती, त्यामुळं कागदावर काहीच घडलं नाही. नुसती माणसं आणि शेळ्या डोंगरावरून खाली आल्या.

त्यानंतर काही काळानं नावांची समिती बसली. मोठी माणसं होती, मी ज्यांची पुस्तकं वाचून पास झाले अशी. सभेत गप्प बसणारी म्हणून माझी ख्याती होती. आमच्यासारख्यांना शिकताना एक गोष्ट न शिकवता येते, की मिळालंय ते सांभाळा, मोठ्यांपुढं बोलू नका. त्या दिवशी नकाशातलं सगळ्यांत जवळचं गाव म्हणून या थरासाठी कवठखेड्याचं नाव पुढं आलं, तशी मी उभी राहिले. म्हटलं, हा थर कवठखेड्यात नाहीच. तिथं त्याचा एक तुकडा नाही. कवठखेडा त्याच्या कितीतरी खालच्या थरांवर आहे. थर खिरणमाळला आहे, नियम जागेचा आहे, तर जागेचं नाव द्या.

एका सदस्यांनी विचारलं, "महसुलात ही जागा आहे का?"

"नाही."

"आता तिथं कोणी राहतं का?"

"नाही, सर."

"मग, मॅडम?"

जहागीरदार साहेबांनी हलकेच माझी खुर्ची पुढं सरकवली. मी बसले. थराला 'कवठखेडा प्रवाह' असं नाव पडलं. अंतिम नकाशात तेच आहे, कंसाशिवाय. विद्यार्थी तेच पाठ करतात. जिथं तो थर नाही त्या गावाचं नाव त्याला आहे, आणि जिथं तो आहे त्या जागेला नाव नाही. परत जाताना जीपमध्ये अब्दुलभाईंनी आरशातून पाहिलं. "क्या हुआ मॅडम? पत्थर भाग गया क्या?" मी रडायला लागले तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि मी थांबेपर्यंत उगाच टायर तपासत राहिले.

या नोकरीनं मला सगळं दिलं. पक्कं घर दिलं, भावंडांची शिक्षणं दिली. आईला विमानात बसवलं तेव्हा तिनं खाली बघून "तुझे दगड दिसत्यात का गं?" असं विचारलं, ते सुख दिलं. माझ्या नकाशांवरून विहिरींच्या जागा ठरल्या, पाझर तलाव झाले. मी कृतघ्न नाही. पण कुणी मला आयुष्यात काय काम केलं असं विचारलं, की मला आधी तो थर आठवतो. चांगलं काम होतं. नियमानं केलेलं, पुन्हा पुन्हा तपासलेलं. त्यात एक चूक कुणी दाखवू शकणार नाही. आणि ज्यांना त्याचा उपयोग व्हायला हवा होता, त्यांच्या ते कामी आलं नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा एसटीनं कवठखेड्याला गेले. रस्त्याकडेला पत्र्यांची ओळ होती. बरीचशी कुलुपं. पुरुष वाळूजच्या कारखान्यांत चौकीदारीला, काही घरं ऊसतोडीला गेलेली. वाड्यात एकही शेळी नव्हती. गायरानात चारायला कवठखेड्याचे लोक देत नाहीत आणि वर जंगलात जायला बंदी, म्हणून विकून टाकल्या. सखुबाई दारात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. केस पांढरे झालेले. तिनं मला लगेच ओळखलं.

"याऽ, दगडवाल्या बाई. टोपी कुठं टाकली?"

"नोकरीबरोबर गेली."

तिनं पोत्याची घडी टाकली. तात्या गेले, असं तिनं सांगितलं. समाधी बापाशेजारी वर बांधायची होती, पण परवानगी मिळाली नाही. मग इथंच, ओढ्याच्या कडेला. "शेवटाला त्यान्ला ध्यान नव्हतं. सारखं म्हनायचे, चला वर, पानी लई गोड हाय." पत्र्यावर ऊन तापलं होतं. आत बसवत नव्हतं, बाहेर बसवत नव्हतं. तिनं मला टँकरचं पाणी दिलं आणि मी ते प्याले.

"गाववाले आता तरी नीट वागतात का?" मी विचारलं.

"वागत्यात की. वरची म्हनायचं सोडलं. आता 'पत्र्यावाली' म्हनत्यात." ती मिरच्या खुडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बाई, त्या धोंड्याचं काय झालं? झालं का नाव पक्कं?"

खोटं बोलावं असं मला वाटलं. तिनं कुठं तपासायला जायचं होतं? पण ती मला अक्षर अक्षर वाचताना आठवत होती.

"झालं. पण खिरणमाळ नाही झालं," मी म्हटलं. "कवठखेडा झालं."

तिचे हात थांबले. तिनं समोरच्या डोंगराकडं बघितलं. उन्हामुळं वरचे कडे नुसते करडे दिसत होते, कुठला थर कुठला ते इथून मलाही सांगता आलं नसतं.

"म्हंजी त्यालाबी खाली आनलं," ती म्हणाली. मग पुढची मिरची उचलत, "ऱ्हाऊ द्या. तिथं एकला काय करनार हुता."